ज्यांची सही लागत नाही

माझ्या पहिल्या नोकरीतलं पहिलं काम नकाशे रंगवण्याचं होतं. बांधकाम परवानगीसाठी दाखल करायच्या नकाशांच्या प्रती मोठ्या टेबलावर पसरायच्या आणि ठरलेल्या खुणांप्रमाणे त्यांत रंग भरायचे. नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं, सांडपाण्याची रेषा तुटक लाल, पिण्याच्या पाण्याची तुटक काळी. एका प्रकरणाच्या सहा-सात प्रती, आणि सगळ्या हातानं. वास्तुकलेची पाच वर्षं संपवून आलेल्या मुलीला हे काम क्षुल्लक वाटलं असतं तरी नवल नव्हतं. मला मात्र त्या कामानं धरून ठेवलं, आणि त्याचं कारण होते आमच्या ऑफिसातले ड्राफ्ट्समन काका.

काका फार बोलत नसत. मी रंगवलेला कागद ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरत आणि लाल-काळ्या तुटक रेषा कुठं जवळजवळ येतात ते बघत. "या दोघींची भेट होता कामा नये," एवढंच सांगत. मग पेन्सिल उलटी धरून तिचं बोथट टोक नकाशातल्या सगळ्यात आतल्या खोलीवर टेकवत. "तू इथे झोपलीयस. मध्यरात्री जाग आली. खोलीत धूर आहे. चल, बाहेर पड."

मी त्यांच्या हातातली पेन्सिल घेऊन निघायची. खोलीचं दार, बोळ, घराचं दार, जिना. काका मधेच थांबवायचे. "दार कुठल्या बाजूला उघडतं? बोळात बाई बाळाला घेऊन उभी असेल तर ते दार तिला लागेल का? वर चढणारा अग्निशमनवाला आणि खाली उतरणारी चार माणसं या जिन्यात एका वेळी मावतील का?" माझ्या पहिल्याच नकाशात मी जिन्यावरून उतरले ती थेट दोन गाड्यांच्या मधोमध. तिथून रस्त्यापर्यंत जायला वाट नव्हती. काका काही बोलले नाहीत. त्यांनी नवा कागद पुढे केला. तळमजला मी पुन्हा काढला.

पुढं पुष्कळ वर्षं या कामात गेली. आता प्रती हातानं रंगवाव्या लागत नाहीत, नकाशे संगणकावरून दाखल होतात, सामासिक अंतरं (इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यामध्ये सोडायची जागा) आणि चटईक्षेत्राची बेरीज सॉफ्टवेअर तपासतं. तरी प्रकरण दाखल करण्याआधी मी एक प्रत छापून घेते आणि पेन्सिलचं बोथट टोक सगळ्यात आतल्या खोलीवर टेकवते.

ही सवय किती मोलाची आहे, ते मला न्यूयॉर्कमधल्या १९११ सालच्या एका आगीबद्दल वाचताना कळलं. अॅश बिल्डिंग नावाच्या दहा मजली इमारतीत वरच्या तीन मजल्यांवर बायकांचे ब्लाउज शिवण्याचा ट्रँगल शर्टवेस्ट नावाचा कारखाना होता. २५ मार्चला दुपारी, सुटी व्हायच्या बेतात, आठव्या मजल्यावर आग लागली. १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली. नवव्या मजल्यावरच्या एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. हे सगळं पुष्कळांना माहीत असतं. मला अडकवून ठेवलं ते त्याच्याही आधीच्या गोष्टीनं. त्या आकाराच्या इमारतीला तीन जिने हवे होते, आणि बांधले होते दोन. तिसऱ्याच्या जागी मागच्या अंगणात उतरणारी लोखंडी शिडी धरून चालली होती. आगीच्या दिवशी मुलींच्या भारानं ती शिडी कोसळली.

म्हणजे आग लागण्याच्या दहा वर्षं आधी, नकाशा मंजूर होताना, टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या माणसांमध्ये कधीतरी हे बोलणं झालं असणार. एकानं जागा वाचवायचं बघितलं, दुसऱ्यानं शिडीला जिना मानलं. ज्या मुली पुढं त्या शिडीवर उभ्या राहणार होत्या त्यांतल्या कित्येक तेव्हा दुसऱ्याच देशात लहान पोरी होत्या. त्यांची सही कोण घेणार?

मी या गोष्टीचा फार विचार केला आहे. मंजुरीच्या नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात मालकाची सही, वास्तुविशारदाची सही, संरचना अभियंत्याची सही, परवानाधारक प्लंबरचा क्रमांक, आणि वर मंजुरीचा शिक्का. या सगळ्यांचा त्या इमारतीशी दोन-चार वर्षांचा संबंध. इमारत उभी राहणार पन्नास, साठ, कधी शंभर वर्षं. तिच्यात जन्मणारं मूल, तिसऱ्यांदा विकलेल्या घरात भाड्यानं आलेली माणसं, शेजारच्या प्लॉटवरची म्हातारी जिच्या खिडकीत आजवर ऊन येत होतं, रात्री अडीचला जिन्यावरून वर पळणारा अग्निशमन दलाचा जवान, यांपैकी कुणाचीही सही त्या चौकटीत नसते. परवानगीची सगळी यातायात त्यांच्यासाठी आहे, असं मी मानते. छाननीच्या टेबलावर बसलेला माणूस त्यांच्या वतीनं प्रश्न विचारायला बसलेला असतो. तो कधी कधी स्वतःच हे विसरतो, आणि आम्ही तर फार लवकर विसरतो.

फार जुन्या काळी परवानगी नव्हती, शिक्षा होती. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातल्या हम्मुराबीच्या कायद्यात आहे की, बांधणाऱ्यानं घर कच्चं बांधलं आणि ते पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला मारावं. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारावं. भिंत वाकली तर बांधणाऱ्यानं ती पदरमोड करून मजबूत करून द्यावी, हेही त्यात आहे, आणि ते आजही कुणाला पटेल. पण तो कायदा घर पडेपर्यंत वाट बघतो. घर बांधण्याआधी कुणीतरी येऊन "दाखव, कसं बांधणार आहेस" असं विचारावं, ही कल्पना रुजायला माणसाला फार मोठ्या आगी बघाव्या लागल्या.

त्यांतली एक लंडनची, १६६६ची. सप्टेंबरच्या सुरुवातीला चार दिवस शहर जळत होतं आणि १३,००० हून अधिक घरं गेली. पुढच्याच वर्षी पुनर्बांधणीचा कायदा झाला. बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच हव्यात, रस्त्याच्या मानानं घराचे चार प्रकार, कुठल्या मजल्यावर भिंतीची जाडी किती, असं सगळं त्यात ठरवून दिलं. नुसतं ठरवून थांबले नाहीत, मोजणारी माणसं नेमली. त्यांतला एक रॉबर्ट हूक. सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप ठेवून त्यातल्या पेशी बघणारा आणि त्यांना ते नाव देणारा तोच हा हूक. राखेच्या ढिगाऱ्यांतून खुंट्या आणि दोरी घेऊन तो हिंडला. पाया कुठं घ्यायचा ते आखून दिलं, रस्ता रुंद करताना कुणाची किती जागा गेली याचे दाखले लिहून दिले. पाया आखून मिळाल्याशिवाय घर बांधायचं नाही, असा नियम होता.

आजही पायाचं काम वर येऊन जोतं तयार झालं की तपासणी होते आणि तिच्या दाखल्याशिवाय पुढचं काम करायचं नसतं. एखाद्या साइटवर टेप धरून मी कोपऱ्यापासून हद्दीपर्यंतचं अंतर मोजत असते, पलीकडच्या टोकाला कनिष्ठ अभियंता वाकून आकडा वाचत असतो, तेव्हा मला हूक आठवतो. जोत्याच्या टप्प्यावर चूक सापडली तर दोन दिवसांचं काम मोडावं लागतं. तीच चूक तिसऱ्या स्लॅबनंतर सापडली तर कुणीच काही मोडत नाही. मग ती चूक कागदावर कशी बसवायची याच्या बैठका सुरू होतात.

या कामाबाहेरच्या माणसांना वाटतं की परवानगी म्हणजे एक कागद. मंजुरीचा शिक्का उठला की संपलं. खरं तर तो शिक्का म्हणजे सुरुवात करण्याची मुभा. त्याच्या पोटात पुष्कळ छोट्या परवानग्या असतात: वीजकामाची, नळकाम आणि मलनिस्सारणाची, लिफ्टची, अग्निशमन यंत्रणेची, गॅसची, मोठ्या इमारतीत वातानुकूलनाची. परवानगी कामाला लागते आणि परवाना माणसाला लागतो. वायरिंग करणारा परवानाधारक हवा, आणि त्यानं केलेलं वायरिंग तपासून घेतलेलंही हवं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकांना हे सांगताना मला दर वेळी थोडं थांबावं लागतं, कारण त्यांना वाटतं एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातायत.

बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबाला २८ नोव्हेंबर १९४२ला आग लागली आणि ४९२ जण गेले. मुख्य दार फिरतं होतं, ते गर्दीनं अडकलं. बाजूची काही दारं कुलपात होती, काही आत उघडणारी होती, आणि मागून रेटा आला की आत उघडणारं दार उघडतच नाही. आगीच्या आठ-दहा दिवस आधीच तिथं तपासणी होऊन ठीक असल्याचा शेरा पडला होता. पुढं चौकशीत निघालं की तिथल्या वायरिंगचं काही काम परवाना नसलेल्या माणसानं केलं होतं. आग नेमकी कशानं लागली ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, म्हणून त्या वायरिंगवर मी खापर फोडणार नाही. मला त्यातून एवढं दिसतं की जिथं दारांची पर्वा नव्हती तिथं तारांचीही नव्हती. या गोष्टी एकएकट्या येत नाहीत. कुठल्याही साइटवर मीटरच्या पेटीत डोकावलं की बाकी इमारत कशी बांधली असेल याचा अंदाज येतो.

वीज आणि पाण्याची कामं भिंतीच्या आत जातात, आणि एकदा गिलावा झाला, लाद्या बसल्या की ती कुणाला दिसत नाहीत. म्हणून त्यांच्या तपासणीची वेळ फार नाजूक असते. भिंतीत झिऱ्या मारल्या, पाइप टाकले, पण अजून बुजवले नाहीत, ती ही वेळ. पाण्याच्या पाइपांची टोकं बंद करायची, पंपानं दाब द्यायचा आणि काटा ठरलेल्या वेळेपर्यंत खाली येत नाही ना ते बघायचं. सांडपाण्याच्या पाइपांत पाणी भरून पातळी उतरते का ते बघायचं. अर्थिंग मोजायचं. गळती झाली की ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारं उपकरण पेटीत आहे का आणि त्याचं चाचणीचं बटण दाबल्यावर ते खरंच तोडतं का, ते बघायचं. यात अर्धा दिवस जातो. लाद्यावाला दाराशी बसून असतो, मुकादम घड्याळाकडे बघत असतो. "मॅडम, ते काय बघायचंय, आमचं रोजचं काम आहे." बहुतेक वेळा त्याचं म्हणणं बरोबरही निघतं. शंभरातून पंच्याण्णव वेळा काटा हलत नाही. उरलेल्या पाच वेळांसाठी आपण उभे असतो.

आणखी एक सांगते, कारण हे फारसं कुणी लिहीत नाही. वेगवेगळ्या कामांची माणसं एकमेकांचं काम कापत जातात. एसीवाला पाइप न्यायला तुळईला भोक पाडतो. तुळई अभियंत्याची, भोक त्याचं, आणि दोघं कधी भेटलेलेच नसतात. विजेच्या तारा मजल्यामजल्यातून वर नेताना स्लॅबमध्ये सोडलेली भोकं कुणी बुजवत नाही, आणि आगीच्या वेळी धूर त्याच वाटेनं वर चढतो. सगळ्या कामांचे नकाशे परवानगीसाठी एकत्र द्यावे लागतात, तेव्हा निदान कागदावर तरी ही माणसं एकमेकांना भेटतात. ड्रेनेजचा पाइप आणि तुळई एकाच जागी आलीय, हे मला कितीतरी वेळा परवानगीच्या नकाशांची जुळवणी करतानाच कळलं आहे. साइटवर कळलं असतं तर कुणीतरी तुळई छिलली असती.

आता विलंबाबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर हे सगळं एकतर्फी होईल.

एका छोट्या दवाखान्याच्या वाढीव मजल्याचं प्रकरण मी दाखल केलं होतं. बाळंतिणींसाठी सहा खाटांचा विभाग. ते अकरा महिने पडून राहिलं. पहिल्या वेळी त्रुटी निघाली की एका बाजूच्या सामासिक अंतराचं माप लिहायचं राहिलंय. ते लिहून दिलं. महिना-दीड महिन्यानं दुसरी त्रुटी: चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार बाराला एक हवा, तुमचा त्याहून चढा आहे. त्रुटी रास्त होती, मी उतार लांबवला. पुढं तिसरी: एका पानावर मालकाची सही नाही. या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशी, पहिल्या वाचनात दिसण्यासारख्या होत्या. मधल्या काळात टेबल बदललं, माणूस बदलला, आणि नव्या माणसानं पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. त्या अकरा महिन्यांत बाळंतिणींच्या खाटा खालच्या मजल्यावर बोळात होत्या. मी तिथं जायची तेव्हा पडदा सरकवून वाट काढावी लागायची.

त्या बायकांचीही फाइलवर सही नव्हती. माझ्या डोक्यात हे तिथं त्या बोळात आलं. ज्यांच्यासाठी हे सगळं प्रश्न विचारणं चाललंय, उशीर झाला की ताटकळतातही त्याच. उतार चढा आहे हे ज्यानं पकडलं त्याची मी आजही ऋणी आहे, आणि तीन त्रुटी तीन हप्त्यांत दिल्या याचा रागही आजवर गेलेला नाही. मला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटतात आणि त्यांत मला विसंगती दिसत नाही. सगळ्या त्रुटी एकदम कळवाव्यात, वेगवेगळ्या विभागांनी प्रकरण एकामागून एक वाचण्याऐवजी एकाच वेळी वाचावं, साध्या छोट्या घराला आणि वीस मजली इमारतीला एकाच रांगेत उभं करू नये, या मागण्या जिथं जिथं शहरं आहेत तिथं तिथं माझ्यासारखी माणसं करत असतात. काही ठिकाणी त्या मान्य होतात आणि फरक लगेच दिसतो.

कारण रांग हलली नाही की माणसं रांग सोडून जातात. वर्षभर थांबलेला माणूस एका सकाळी गवंड्याला बोलावतो आणि म्हणतो, कर सुरू, बघू पुढं. त्याच्याबद्दल मला कधीकधी सहानुभूतीही वाटते. पण त्यानं रांग सोडली त्या दिवशी त्या इमारतीबद्दल प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही. मग दहा-वीस वर्षांनी अशा बांधकामांची संख्या इतकी होते की ती पाडणं कुणाच्याच हातात राहत नाही, आणि दंड भरून ती नियमित करून घेण्याच्या योजना निघतात.

तुर्कस्तानात २०१८ साली अशी एक योजना आली. मालकानं स्वतःच माहिती भरायची, शुल्क भरायचं आणि नोंदणीचा दाखला घ्यायचा. लाखो इमारतींनी तो घेतला. भूकंपाला इमारत टिकेल की नाही याची जबाबदारी मालकाची, असं त्यात म्हटलेलं होतं. अभियंत्यानं येऊन तपासण्याची अट नव्हती. अशा माफ्या तिथं आधीही होऊन गेल्या होत्या. ६ फेब्रुवारी २०२३ला पहाटे त्या देशाच्या दक्षिण भागात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, दुपारी आणखी एक मोठा झाला, आणि एकट्या तुर्कस्तानात ५०,००० हून जास्त माणसं गेली. पडलेल्या सगळ्या इमारती माफीच्या होत्या असं अजिबात नाही. रीतसर मंजुरी असलेल्याही पडल्या, कारण मंजूर नकाशातलं लोखंड आणि काँक्रीट प्रत्यक्षात तसं नव्हतं आणि बघायला कुणी गेलं नव्हतं. पण शुल्क भरून काढलेल्या दाखल्यानं खांबात एक सळई वाढत नाही, हे त्या पहाटे सगळ्या जगानं पाहिलं. बांधकाम नियमित करण्याचं प्रकरण घेऊन कुणी आलं की मी आधी संरचना तपासून घ्यायला सांगते. काही जण दुसऱ्याकडे जातात.

सुधारित नकाशा हा या सगळ्यातला सगळ्यात टाळला जाणारा कागद आहे. मंजुरी घेताना कुणाला बदल करायचा नसतो, काम सुरू झालं की सगळ्यांना करायचा असतो. भिंत थोडी सरकवू, खिडकी इकडे घेऊ. यातले पुष्कळ बदल खरंच किरकोळ असतात. अडचण ही की किरकोळ कुठला आणि कुठला नाही, हे बदल करणाऱ्याला कळतंच असं नाही.

सेऊलमधलं साम्पूंग डिपार्टमेंट स्टोअर २९ जून १९९५ला संध्याकाळी कोसळलं, गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना. ५०२ माणसं गेली. ती इमारत आधी दुकानांसाठी नव्हतीच. बांधकाम सुरू झाल्यावर तिचा वापर बदलला. सरकत्या जिन्यांसाठी स्लॅब कापले, काही खांब काढले, उरलेले हव्या त्या जाडीपेक्षा बारीक झाले. वर पाचवा मजला चढवला. ठेकेदारानं नकार दिला तर त्याला काढून दुसऱ्याकडून काम करून घेतलं. पाचव्या मजल्यावर उपाहारगृहं आली आणि त्यांची जमीन गरम ठेवण्यासाठी काँक्रीटचा आणखी एक जड थर आला. मग गच्चीवरच्या वातानुकूलन यंत्रांच्या आवाजाची शेजाऱ्यांनी तक्रार केली, म्हणून ती अवजड यंत्रं गच्चीवरून ओढत दुसऱ्या बाजूला नेली, आणि स्लॅबला तडे गेले. यातला एकेक बदल त्या त्या दिवशी कुणाला तरी समजण्यासारखा वाटला असेल. शेवटच्या बदलामागं तर शेजाऱ्यांची झोप होती. पण हे सगळे बदल एकाच नकाशावर मांडून सगळ्यात खालच्या खांबाला कुणी विचारलं नाही की तुला हे पेलेल का. बदलांना मंजुरी देण्यासाठी लाच घेणाऱ्या अधिकाऱ्यांना पुढं शिक्षा झाल्या. ज्यांच्या वतीनं प्रश्न विचारायचे त्यांना विकून टाकणं, याला मला दुसरा शब्द सापडत नाही.

आणि आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

चार मजल्यांची एक साधी इमारत होती. मालक चांगले, ठेकेदार चांगला. गच्चीचा स्लॅब व्हायच्या आधी मालकांनी सांगितलं की गच्चीवर बसायला छान जागा करू, झाडं लावू. त्या जागेच्या बरोबर मधोमध सांडपाण्याच्या उभ्या नळाचा व्हेंट पाइप वर येणार होता. प्लंबरनं विचारलं, "मॅडम, हा खालीच बंद करू का? वरती कशाला हवाय, ह्यातून पाणी तर जात नाही." त्या दिवशी मला दुसऱ्या साइटवर पोचायचं होतं. मी म्हटलं, करा. त्या पाइपातून पाणी जात नाही हे त्याचं म्हणणं खरं होतं. त्यातून हवा जाते. नकाशात गच्चीवर तो पाइप एका छोट्या गोलानं दाखवलेला होता आणि सुधारित नकाशा मी दिला नाही. पूर्णत्वाच्या तपासणीला आलेल्या अभियंत्यानं जिना मोजला, पाण्याची टाकी बघितली, गच्चीवर येऊन झाडांचं कौतुक केलं. त्यानं तो गोल शोधला नाही आणि मी दाखवून दिलं नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं.

दोन वर्षांनी एका बाईंचा फोन आला. दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला आल्या होत्या, माझा नंबर मालकांनी दिला होता. म्हणाल्या, "ताई, रात्री वर कुणी फ्लश केला की आमच्या बाथरूममध्ये गुडगुड आवाज होतो आणि मग घाण वास येतो. बाळाची खोली शेजारीच आहे. फिनेल टाकून टाकून थकले."

मला त्याच क्षणी कळलं. बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्याच्या वळणात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं आणि ते पाणी म्हणजे घर आणि गटार यांच्यामधलं दार. वरून पाण्याचा लोंढा उभ्या नळातून खाली येतो तेव्हा मागं पोकळी तयार होते. वर व्हेंट उघडा असेल तर तिथून हवा येते. तो बंद असेल तर नळ ती हवा घरातून ओढतो, आणि तिच्याबरोबर ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतो. दार उघडं पडतं.

हे दार उघडं पडलं तर काय होऊ शकतं, ते हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत मार्च २००३मध्ये दिसलं होतं. सार्स या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराची साथ होती. एका आजारी पाहुण्यानं तिथलं स्वच्छतागृह वापरलं आणि त्या वसाहतीत ३०० हून जास्त लोकांना लागण झाली. तपासात जे निघालं त्यात बाथरूमच्या जमिनीवरचे कोरडे पडलेले ट्रॅप होते. पाणी आटलेलं, आणि हवा बाहेर फेकणारे पंखे खोलीत पोकळी तयार करून नळातली हवा आत ओढत होते. शिकागोत १९३३ साली दोन हॉटेलांतल्या सदोष नळजोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून आमांशाची साथ पसरली होती, ९८ माणसं गेली होती, हेही मी वाचलेलं होतं. काका त्या दोन तुटक रेषांची भेट होऊ नये म्हणून कागद उजेडात धरायचे, ते हेच. मला हे सगळं माहीत होतं. गच्चीवर उभी असताना मला ते आठवलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी त्या घरी गेले. बाळ सहा-सात महिन्यांचं असेल. त्या बाईंनी मला चहा विचारला आणि मग पुन्हा पुन्हा म्हणाल्या की आमच्याच वापरण्यात काही चुकत असेल का. मी त्यांना सांगितलं की चूक माझी आहे. त्यांना ते नीट पटलं नाही असं मला वाटलं. इंजिनिअर-आर्किटेक्ट लोक असं म्हणत नाहीत, असा काहीसा भाव चेहऱ्यावर होता. मालकांशी बोलले, खर्च मी केला. गच्चीखाली बंद केलेला नळ उघडून आडवा काढला, बाहेरच्या भिंतीवरून वर नेला, गच्चीच्या कठड्याच्या वर माणसाच्या उंचीहून जास्त उभा केला आणि तोंडावर जाळीची टोपी बसवली. मग सुधारित नकाशा काढला. गच्चीवरचा गोल त्याच्या नव्या जागी दाखवला आणि तुटक लाल रेषा तिथपर्यंत नेली. दाखल करताना टेबलावरच्या माणसानं विचारलं, एवढ्यासाठी कशाला प्रकरण केलंत? मी म्हटलं, नकाशात आहे ते तिथं असायला हवं. त्यानं शिक्का मारला.

मागच्या महिन्यात त्या बाजूला गेले होते म्हणून वर चढले. त्या बाई आता तिथं राहत नाहीत, दुसरं कुटुंब आलं आहे. गच्चीवरची झाडं मोठी झाली आहेत. त्या पाइपला कुणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती आणि तिच्यावर शाळेचे दोन गणवेश होते. दोरीच्या ओढीनं पाइप हलतो का ते मी हात लावून पाहिलं. क्लॅम्प घट्ट होते. वर टोपीची जाळी मोकळी होती, त्यात घरटं-बिरटं काही नव्हतं. दोरी मी सोडली नाही. जिना उतरताना समोरून एक मुलगा दप्तर घेऊन वर येत होता. मी कठड्याच्या बाजूला सरकले, तो भिंतीच्या बाजूनं निघून गेला. दोघांना जागा पुरली.